आमची बीबीए आयटी पार्कात

सहलीहून परतल्यावर मुलांकडे फोटो असतात आणि माझ्याकडे किस्से. फोटो दोन दिवसांत ग्रुपवर खाली ढकलले जातात. किस्से मात्र तसे जात नाहीत. स्टाफरूममध्ये कुणी थर्मास उघडला की एक बाहेर पडतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

मालवणजवळच्या एका छोट्या कॉलेजात मी बीबीएला मार्केटिंग शिकवते. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या दाखवायला नेते. काम कसं चालतं ते त्यांनी बघावं, चार ओळखी व्हाव्यात, जमलं तर इंटर्नशिप मिळावी, एवढाच हेतू. हे सगळं गेल्या वर्षीच्या ट्रिपमध्ये घडलेलं.

*

निघण्याआधी मी मुलांना 'एलेव्हेटर पिच' शिकवली. म्हणजे लिफ्टमध्ये एखादा मोठा माणूस भेटला तर वर पोचेपर्यंत आपली ओळख थोडक्यात करून द्यायची. अडचण एवढीच की आमच्या कॉलेजला लिफ्ट नाही. मग आरोंद्याच्या प्रथमेशने जिन्यावर सराव केला. प्राचार्य वर निघाले की हा शेजारून ओळख सांगत चढायचा. प्राचार्य शेवटी मागच्या जिन्याने जायला लागले.

पुण्यात खरी लिफ्ट मिळाली, ती काचेची. जमीन खाली सुटली तसा प्रथमेशचा रंग उडाला. खाडीत कितीही हेलकावे खाणारी होडी त्याला चालते, पण हे प्रकरण वेगळं होतं. त्याने डोळे मिटले आणि शेजारच्या गृहस्थांचा हात घट्ट धरला. वर पोचल्यावर, डोळे मिटलेलेच, तो म्हणाला, "माझं नाव प्रथमेश."

ते गृहस्थ कंपनीचे डायरेक्टर निघाले. दिवसभर ते भेटेल त्याला सांगत होते, "या मुलाचा हॅन्डशेक सगळ्यात मजबूत आहे."

*

मग एचआरच्या मॅडमनी नेटवर्किंगवर भाषण केलं. मोठा पडदा, रंगीत बाण, सगळं छान होतं. त्यांचं म्हणणं असं की अनोळखी माणसाशेजारी बसायचं, तो कुठला, काय करतो ते विचारायचं, आपल्या ओळखीतलं कुणी त्याच्या ओळखीचं आहे का ते शोधायचं आणि उठताना नंबर घ्यायचा.

तळेऱ्याच्या तेजसने हात वर केला. "मॅडम, म्हणजे एसटीत करतात तेच ना?"

बाईंनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि पुढची स्लाइड लावली.

*

हाच तेजस दुपारी हरवला. कॅन्टीनमध्ये नाही, गच्चीवर नाही, फोन बंद. परक्या मुलखात मूल हरवलं की शिक्षकाचं काय होतं ते शिक्षकालाच ठाऊक. सिक्युरिटीवाले धावले, मी रडायच्या बेतात.

शेवटी तो 'विश्रांती कक्षा'त सापडला. सकाळी आम्हाला दाखवलेली ती खोली, मंद दिवे आणि लोळायला गुबगुबीत गाद्या. तेजस भरपेट जेवून तिथे घोरत पडला होता. मी मॅनेजरसाहेबांची माफी मागायला लागले, तर त्यांनीच मला गप्प केलं.

"राहू दे हो मॅडम. खोली उघडल्यापासून तिथे झोपलेला हा पहिलाच माणूस. आमच्या लोकांना भीती वाटते, कुणी बघितलं तर?"

*

संध्याकाळी डायरेक्टरसाहेब गप्पा मारायला बसले. प्रत्येकाला तोच ठरलेला प्रश्न, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? कुणी टीम लीडर झालं, कुणी परदेशी गेलं. तेजसची पाळी आली. झोप झाल्यामुळे तो ताजातवाना होता.

"एप्रिल-मे सोडून कुठेही, सर."

साहेबांनी कारण विचारलं. तो म्हणाला, घरचे आंबे असतात.

पुढच्या मुलीला साहेबांनी तो प्रश्न विचारलाच नाही. हापूस पाठवता येईल का, ते तेजसलाच विचारत बसले.

*

मसुऱ्याची सानिका वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात अबोल मुलगी. तिला तिथल्या एका इंजिनीअर बाईंनी कार्ड दिलं आणि रिवाजाप्रमाणे म्हटलं, "कीप इन टच." सानिकाने ते मनावर घेतलं. हॉटेलवर पोचल्या पोचल्या तिने त्यांना फोन लावला आणि घरी नीट पोचलात का, असं विचारलं.

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः मला शोधत आल्या. त्या पुण्यात एकट्याच राहतात. म्हणाल्या, "असं मला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

*

आता शेवटचा. या ट्रिपमध्ये आमच्याबरोबर सानिकाचे बाबा होते.

सानिकाची त्या कंपनीत सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी ऑनलाइन निवड आधीच झाली होती आणि बाबांनी 'नाय' म्हटलं होतं. काजूची बाग सांभाळणारा सरळ माणूस. त्यांच्या घरातलं एकही चेडू, म्हणजे मुलगी, लग्नाआधी एकटं परगावी राहिलं नव्हतं. मी घरी जाऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तुमी इतक्या सांगतास म्हणान येतंय. ऑफिस बघतलंय. पण मगे नायच सांगतलंय."

कंपनीत ते इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर ताठ बसले. मग उठले, काचेच्या भिंतीपाशी गेले, कडेकडेने हात फिरवून कडी शोधली आणि परत येऊन बसले. एचआरच्या मॅडमनी अदबीने विचारलं, काका, काही शंका? त्यांनी मान हलवली. सानिकाने ओळखलं, उत्तर 'नाय'च आहे. परतीच्या वाटेवर ती बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती.

घाट उतरल्यावर बस चहाला थांबली. बाबांनी दाराशीच उभं राहून घरी फोन लावला. खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ते फोनवर बोलतात, त्यामुळे सगळ्या बसला ऐकू येत होतं.

"होय, बघलंय ऑफिस. बरा आसा. माणसांय बरी आसत."

मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण खिडक्यो उघडनत नाय गो. सगळी काच. चेडवाक दिवसभर वारो खंयसून गावतलो?"

पलीकडून सानिकाची आई बराच वेळ बोलत होती. सानिकाने खिडकीवरून तोंड वळवलं होतं. बसमधलं कुणीच चहाला उतरलं नाही.

"तां रवांदे," बाबा म्हणाले. "माळ्यार टेबलफॅन आसा मां, तो पुसून ठेव. चेडवाबरोबर देवया."