पाइपातलं पाणी

माझ्या भावाने गिरीज गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत, पंपघराच्या भिंतीवर एक करडी पेटी बसवली होती. विहिरीत सोडलेल्या सेन्सरवरून ती पाण्यातला क्षार मोजायची आणि दर दहा मिनिटांनी आकड्यांची एक ओळ नऊ पिनांच्या जुन्या केबलमधून घरातल्या संगणकाला पाठवायची. भाऊ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. समुद्राचं पाणी जमिनीखालून किती आत आलंय, हे त्याला बघायचं होतं.

सहा वर्षांपूर्वी तो गेला. चार महिन्यांनी संगणक बंद पडला. पेटी चालू राहिली, कारण वहिनीने तिचं बटण कधी बंद केलं नाही. पेटीत काही साठत नाही. पलीकडे कुणी ऐकतंय की नाही, हेही तिला कळत नाही. जवळजवळ सहा वर्षं ती दर दहा मिनिटांनी एक ओळ बोलत राहिली आणि ती ओळ केबलच्या टोकाशी संपत राहिली.

यंदा केळीची पानं कडांनी करपली. घड लहान आले. वाडी आम्हा तिघा भावंडांच्या नावावर आहे आणि करते वहिनी. एका बारशाला, पंगतीत, आमची मोठी बहीण, जिला सगळे बाय म्हणतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा भाऊ होता तोवर एका माणसाला घड उचलत नव्हता. हात लागतो एकेकाचा." वहिनी तेव्हा तिच्याच पानात वाढत होती. वाडी दुसऱ्या कुणाला करायला द्यावी, असं बहिणीचं म्हणणं होतं. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घरी बसून ठरवायचं होतं.

बुधवारी वहिनीचा फोन आला. "पाणी खारं झालंय का, तेवढं बघा भाऊजी. खारं असेल तर माझ्याकडून वाडी कुणी काढून घेणार नाही."

"चाखून बघितलंस?"

"चाखून कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? जिभेच्या आधी केळीला कळतं, असं तेच म्हणायचे."

मी चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. यंत्रांचं मला विशेष कळत नाही. नालासोपाऱ्यातून एक कन्व्हर्टर आणला. त्याचं एक टोक जुन्या केबलला, दुसरं माझ्या लॅपटॉपला जोडलं. पेटीची ओळ पकडणारं एक नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पहिली ओळ आली ती चौकोन आणि प्रश्नचिन्हांची. वेग बदलला, दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चौकोन. दुपार तशीच गेली. शेवटी पेटीचं झाकण उघडलं. आत चिकटपट्टीवर भावाच्या अक्षरात पेटीचा वेग आणि बाकीची मांडणी लिहिलेली होती. नवं सॉफ्टवेअर आठपट वेगाने ऐकत होतं.

मांडणी बदलली आणि पेटी एकदा बंद करून चालू करू, म्हणालो.

"बंद नका करू," वहिनी म्हणाली.

"दोन सेकंद."

ती पंपघराबाहेर जाऊन उभी राहिली. मी बटण दाबलं, सोडलं. घरात येऊन पाहिलं, तर लॅपटॉपवर रोमन अक्षरांत दोन शब्द होते: विहीर तयार. भावाने कधीतरी ते पेटीत भरून ठेवले असणार. वहिनीने ते वाचले आणि पदराने पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता.

दहा मिनिटांनी आकडा आला. तीन हजार शंभर. भाऊ आकडे एका वहीतही उतरवून ठेवायचा; तिच्यातला शेवटचा आकडा आठशे दहा होता.

"म्हणजे खारं," ती म्हणाली.

"हो."

तिने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली. मग कपाटातून एक बरणी काढून ती विहिरीकडे गेली. मी मागे गेलो. सेन्सर ज्या पाइपातून खाली सोडला होता, त्याच्या तोंडाशी ती वाकली, आत काहीतरी बोलली आणि बरणीतलं मूठभर मीठ पाइपात टाकलं.

"हे काय?"

"फादरांकडून आशीर्वादित करून आणते. दर महिन्याला, ते गेले त्या तारखेला टाकते. आज त्यांना सांगायचं होतं."

"पाइपातच का?"

"त्यांचा हात शेवटचा इथेच लागला होता."

मी पाइपात काठी घालून पाहिली; खालचं तोंड बहुधा गेल्या पावसाळ्यातल्या गाळाने बुजलेलं होतं. आतलं पाणी बाहेर जात नव्हतं, बाहेरचं आत येत नव्हतं, मीठ तिथेच साठत होतं. मी सेन्सर वर ओढला, धुतला आणि उघड्या पाण्यात सोडला. आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. दहा मिनिटांनी ओळ आली.

आठशे वीस.

मी सांगितलं की, हा आकडा फक्त पाण्याचा आहे. पानं रोगाने करपतात, खताने करपतात. त्यात तुझा हात कुठे आला?

"हे बायला पटेल?"

मी भावाची वही मिटली.

"सेन्सर परत पाइपात सोडा, भाऊजी."

 मी उठून सोडला.

रविवारी बहीण आली. खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली. "किती?"

"तीन हजार चारशे साठ. भावाच्या वहीत आठशे दहा."

तिने वही हातात घेऊन पाहिली. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "एवढं होतं तर बोलायचं नाही का गं? उगाच तोंडाळ ठरले मी." वाडी कुणाला द्यायचा विषय त्यानंतर निघाला नाही. चहा झाला.

खात्री नसलेला आकडा मी कधी छापला नव्हता. या आकड्याची मला पूर्ण खात्री होती. तो कुठल्या पाण्याचा, हे बातमीच्या पहिल्या वाक्यात यायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बहीण उठत असताना पडद्यावर पुढची ओळ उमटली. वहिनी तिकडे पाठ करून कप गोळा करत होती.