टाकून दिलेल्या डबीची चोरी

भागीबाईला पोलिसांनी गाडीत घातलं ते चहाच्या पेल्याएवढ्या एका थर्माकोलच्या डबीसाठी. आभाळातून पडलेली डबी, तिनं उचललेली. एवढाच गुन्हा.

ही बाई करवंदपाड्याची. नाशिककरांना हा पाडा माहीत नसणार. त्र्यंबकेश्वरला दर्शन झालं की त्यांची गाडी माघारी वळते, आणि पाडा त्याच्या पुढं, घाट उतरल्यावर आहे. भागीबाई तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्याआधी दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन दिंडोरीकडं द्राक्षबागांत मजुरीला जायची, पोरं बरोबर, पोरांची शाळा बुडीत. चूल मिळाली आणि ती वर्षभर घरी राहायला लागली. धाकटी आशा आता सातवीत आहे, एकही वर्ष न बुडवता. ही चूल गेली तर पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर. भागीबाईला दुसरी कसलीच भीती नाही, ही एक आहे.

जूनमध्ये तिच्या बांधावर एक फाटका रबरी फुगा पडला. त्याला लांब दोरी, लाल कापडाची छत्री आणि ती डबी. डबीवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. बाईनं दोरी काकडीच्या मांडवाला बांधली, छत्री शाळेच्या सरपणावर अंथरली आणि डबी काठीला टांगून भाताच्या रोपात उभी केली, चिमण्या दाणे टिपत होत्या म्हणून. सगळं उघड्यावर! चोर असं करतो का?

डबीत एक हिरवा दिवा लुकलुकत होता. संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा दीडशहाण्यानं त्याचा व्हिडिओ काढला आणि 'दुश्मनाचं ड्रोन सापडलं' म्हणून फिरवला. सकाळी गाडी हजर.

पाड्यावर काही अडलं की मला फोन येतो; आशाचा आला तसा मी नाशिक रोडवरून मोटारसायकल काढली. ठाण्यात भागीबाई बाकड्यावर बसलेली. पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

"भाऊ, मी चोरी नाय केली," ती म्हणाली. "यांना म्हणलं, ज्याचं हाय त्याला देऊन टाका. तर म्हणतात, कोणाचं हाय ते तूच सांग!"

"सरकारी उपकरण असणार," हवालदार म्हणाले. "गायब करणं गुन्हा आहे."

"गायब? रोपात टांगलं होतं ना? चिमण्यांनासुद्धा दिसत होतं."

"तुम्ही कोण? वकील?"

"वकील असतो तर एवढं हळू बोललो नसतो."

डबीवरचं इंग्रजी मी अक्षर लावून वाचलं. आमचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरचं, पण एवढं पुरलं. हवामानाचं उपकरण, निरुपद्रवी, परत करायची गरज नाही. हवालदार म्हणाले, "छापलेलं काय, कुणीही छापेल. ज्यांचं आहे त्यांना सांगू दे."

डबीवरच्या नावावरून शोधलं, तर ज्यांचं होतं ते घाटाच्या डोक्यावर तंबू ठोकून बसले होते. कुठल्याशा संशोधन संस्थेचं पावसाळी शिबिर. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "वाईट झालं. पण आमचा माणूस ठाण्यात पाठवायचा तर वरून परवानगी लागेल."

"किती वरून? फुगा जातो तिथून?"

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांच्यामागं स्नेहल नावाची एक तरुण शास्त्रज्ञ उभी होती, ती हसली. मी बाहेर आलो तर माझ्यामागं आली. मी तिलाच धरलं. म्हटलं, एवढे कसले फुगे उडवता, की खाली बायका आत जातात?

तिनं नीट सांगितलं, तेवढं तिला मानतो. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात. त्यातला एखादा पृथ्वीच्या आड मावळताना दुसरा एक छोटा उपग्रह पलीकडून त्याचा सिग्नल ऐकत असतो. तो सिग्नल हवेतून तिरका येतो आणि वाकतो.

"पाण्यात काठी वाकडी दिसते तसा?"

"तसाच. किती वाकला त्यावरून कुठल्या उंचीवर हवा किती गार, किती दमट, हे काढता येतं. पावसाच्या अंदाजाला उपयोग होतो. आणि मुळात मोजायचा असतो सिग्नल पोचायला लागलेला वेळ, अचूक घड्याळावर. ते घड्याळ वर्षानुवर्षं चुकत नाही, म्हणून जुनं मोजमाप आजच्या शेजारी ठेवून हवा किती तापली तेही कळतं."

"मग फुगे?"

"वरचं छान कळतं, दादा. पण जमिनीजवळ, पावसाळ्यात, या घाटात हवा इतकी ओली की सिग्नल विस्कटतो. खालचे आकडे चुकतात. म्हणून उपग्रहाचं मोजमाप इथं जवळपास पडणार असेल तेव्हा फुगा सोडून ताडून बघतो."

मी म्हटलं, "तुमचं सगळ्यांचं हेच दुखणं आहे. वरचं छान दिसतं. खाली भागीबाई बसलीय तिथं धुरकट!"

 ती तंबूत जाऊन ओळखपत्र घेऊन आली आणि माझ्यामागं गाडीवर बसली. साहेब ओरडत राहिले.

ठाण्यात तिनं सरळ सांगितलं. "ही आमची वस्तू. ही वर असतानाच हिची माहिती आम्हाला मिळाली. खाली पडली की तो कचरा."

"कचरा? मग दिवा कसला लागतो?"

"सेल संपेपर्यंत लागणारच."

हवालदारांनी डबी अशी खाली ठेवली, जणू हात भाजला. "मग जा की बाई घरी. आम्ही कुठं धरून ठेवलंय?"

सबंध दिवस बाकड्यावर बसवलं आणि म्हणे कुठं धरून ठेवलंय!

मला वाटलं मिटलं. मिटतं कसं? दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो तर शाळेच्या चुलीपुढं नवसाबाई बसलेली, शाळा समितीचा अध्यक्ष रावजी याची भावजय. भागीबाई दारात उभी. पोरांच्या आया जमलेल्या. रावजी मला बघून म्हणाला, "ठाण्यात बसून आलेली बाई. पोरांच्या तोंडात घास घालायचा, उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

"आज कोण दाखवतंय? तूच ना?"

"चौकशी होऊ द्या."

"कसली?" भागीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "डबी कचरा हाय, हे डबीवाली सांगून गेली. आता तुला कचऱ्याची चौकशी करायची हाय का, रावजी? कर. पण मला का काढलं ते या बायांपुढं सांग."

रावजी आढ्याकडं बघायला लागला. बाया फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात नवसाबाई पदराला हात पुसत उठली.

"भावजी, उद्या माझ्या वावरात काय पडलं तर मलाबी गाडीत घालतील, आणि तुम्ही चुलीवरून काढाल. मी नाय बसत इथं."

ती बाजूला झाली. भागीबाई चुलीपुढं बसली आणि तिनं झाकण उघडून बघितलं. "मीठ टाकलं का गं?"

"नाय अजून."

रावजी तिथंच घुटमळत होता. मी म्हटलं, "माफी राहिलीय."

भागीबाईनं मान वर केली नाही. "भाऊ, आधी पोरं जेवू द्या. मग याच्याकडं मी बघते."