टाचेखालचा तळहात

लान्स नायक विलासचं पार्थिव तामलवाडीला पोचवायचं काम मला मिळालं, कारण जिल्हा माझा. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, गाव सोनारी. एस्कॉर्टमध्ये शिपाई बसवराज होता, तो उमरग्याचा. त्याने या प्रवासाला जाऊ नये, असं मेडिकल ऑफिसरचं मत होतं. बसवराज म्हणाला, "साहेब, मी जाणार." मग कुणी अडवलं नाही.

आमची पोस्ट हिमनदीवर होती. काम ठरलेलं. बर्फ उपसायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यार साफ ठेवायचं, गस्त घालायची. अशाच एका गस्तीवर पायाखालचा बर्फ फुटला आणि विलास खोल भेगेत गेला. तो आणि बसवराज एकाच दोराला बांधलेले होते. बसवराजने स्वतःला मागे झोकून दिलं, उजवी टाच बर्फात रोवली आणि दोर धरला. वायरलेस सेटवर त्याचा आवाज एकदाच आला. "विलास नीचे है. रस्सी पकडी है. जल्दी."

बचाव तुकडी घेऊन मी पोचलो तेव्हा पाऊण तास झाला होता. बसवराज त्याच जागी, त्याच स्थितीत होता. दोर आम्ही हातात घेतला तरी त्याची मूठ उघडत नव्हती. विलासला वर काढलं. त्याची नाडी लागली नाही.

तामलवाडीत सकाळी दहाला अंत्यसंस्कार झाले. सलामीच्या फैरी झाल्या, बिगुल वाजला, घडी केलेला तिरंगा मी विलासच्या आईच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला आणि बसवराजकडे वळली.

"तू व्हतास ना संगं? काय बोलला रं माझा इलास शेवटाला?"

बसवराजने तोंड उघडलं. त्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकला आणि तो खाली कोसळला.

धाराशिवच्या एका रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या. हाड ठीक, कणा ठीक, मेंदूच्या फोटोत काही नाही. पाय मात्र कमरेपासून ओंडक्यासारखा पडून होता. दुसऱ्या दिवशी त्याला मानसोपचार वॉर्डात हलवलं. उमरग्याहून त्याचे वडील आले होते. ते दारातच अडले.

"पाय गेलाय त्याचा, डोस्कं न्हाय."

वॉर्डच्या डॉक्टरबाई तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच माणसाचे आहेत, काका."

"मग डोस्क्याला सुई टोचून पाय उठतोय व्हय?"

"सुई टोचणारच नाही. बसा तर खरं."

"अप्पा, बस की गप," बसवराज कॉटवरून म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

दुपारी युनिटमधून ॲडज्युटंट अधिकाऱ्यांचा फोन आला. "साहब, लडका सच में बीमार है या नाटक है? शाम तक बताइए." प्रश्न साधा होता. आजारी म्हटलं तर पुढे मिलिटरी हॉस्पिटल. नाटक म्हटलं तर पुढे चार्जशीट, आणि ज्याने दोर सोडला नाही त्याच्या नावापुढे पळपुटा हा शिक्का. पहिला रिपोर्ट माझा जाणार होता.

मी डॉक्टरबाईंना तोच प्रश्न विचारला. त्यांनी मला कॉटजवळ बोलावलं. "त्याच्या उजव्या टाचेखाली तळहात ठेवा."

मी ठेवला.

"बसवराज, उजवी टाच खाली दाबा."

त्याचं कपाळ घामाने भिजलं. माझ्या हाताला काहीच लागलं नाही.

"आता तो पाय विसरा. डावा पाय सरळ वर उचला, मी वरून दाबते, तुम्ही जोर करा."

त्याने डावा पाय उचलला. त्याच क्षणी उजवी टाच माझ्या तळहातावर रुतली. माझी बोटं गादीत दबली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत थंडीने काळे पडलेले पाय मी पाहिले, सुरुंगाने गेलेले पाहिले. हे त्यातलं काहीच नव्हतं. बसवराज डाव्या पायाकडे बघत होता. उजवा काय करतोय याची त्याला खबर नव्हती. मी हात काढायचा विसरलो.

"म्हणजे पाय चालतोय," मी म्हणालो. "मग नाटकच झालं की."

"नाही. ठरवून पाय हलवायचा ती एक वाट. एक उचलला की दुसऱ्याने आपोआप टेकू द्यायचा, ती दुसरी. त्याची दुसरी वाट उघडी आहे, पहिली बंद आहे. आणि ती तो बंद करत नाही."

"मग कोण करतंय?"

"तोच. पण त्याच्या हुकुमाशिवाय."

नंतर त्यांनी बसवराजचाच हात त्याच्या उजव्या मांडीखाली ठेवला आणि डावा पाय पुन्हा उचलायला लावला. मांडी त्याच्या हातात टणक झाली. त्याने हात झटकन काढला, परत ठेवला.

"अप्पा, हात लाव हितं. जित्ता हाय."

म्हातारा उठला, चाचपून बघितलं आणि डॉक्टरबाईंकडे पाहून हात जोडले. संध्याकाळी मी युनिटला कळवलं, "बीमार है, सर. सच में. मैंने हाथ से देखा है."

दुसऱ्या दिवशी आधार देऊन उभं केल्यावर त्याला पुढे एक पाऊल टाकता येईना. डॉक्टरबाईंनी त्याला उलटं चालायला सांगितलं. मागे मात्र पावलं पडत गेली, थेट भिंतीला पाठ लागेपर्यंत. वॉर्डातलं कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात विलासची आई एसटीने आली. बसवराजने तिला पाहिलं आणि मांडी दोन्ही हातांनी धरली. डॉक्टरबाई बाजूला उभ्या राहिल्या, मध्ये पडल्या नाहीत.

"काकू, त्यो बोलत व्हता. लई येळ. मला इच्यारला, तुझा पाय टिकतोय का. म्या म्हनलं, टिकतोय. मग त्यो म्हनला, दोर सोड, न्हायतर तू बी येशील."

"मग?"

"न्हाय सोडला."

ती कॉटवर त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "सोडला असतास तर त्यो बर्फातच ऱ्हायला असता. तू धरलंस म्हनून मला माझ्या लेकराचं तोंड दिसलं."

बसवराज रडला. ती जायला निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर उठला. कॉटच्या कडेला धरून, पाय घासत, पण पुढे. वॉर्डच्या दारापर्यंत तिला सोडून आला. हे कशाने झालं, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्ण मलाही सांगता येणार नाही.

काही महिन्यांनी बसवराज ड्यूटीवर परतला. मी निवृत्त झालो.

लान्स नायक विलास तामलवाडीचा होता. पोस्टवर सकाळच्या रेडिओ चेकला प्रत्येकाने फक्त 'ओके' म्हणायचं असतं. विलास म्हणायचा, "ओके, लई गार हाय." मी त्याला दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. आसपासच्या सगळ्या पोस्टवरचे जवान तेवढं ऐकायला सेटजवळ येऊन बसायचे.