चढ्या आवाजाचे कॉल

"हाच तो," नाडकर्णी मॅडम म्हणाल्या. "तुमच्या सिस्टिमने बरोबर पकडलेला."

काचेपलीकडे, अपॉइंटमेंटच्या खिडकीसमोर एक म्हातारा ओरडत होता. सिक्युरिटीवाल्याने त्याचा दंड धरला होता. मॅडम परळच्या त्या हॉस्पिटलच्या प्रशासन अधिकारी. मी त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस, नेहमीच्या मीटिंगसाठी आलेला. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शांताराम परब, लालबाग. आठवडाभरातले त्यांचे सगळे कॉल लाल रंगात, पुढे एकच शब्द: आक्रमक.

हा लाल रंग आमचं मॉडेल द्यायचं. मशीन लर्निंगमध्ये कॉम्प्युटरला नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. आम्ही आधी एका कुरिअर कंपनीसाठी फोनवरचा राग ओळखणारं मॉडेल केलं होतं. रेकॉर्ड केलेले कॉल ऐकायचे आणि प्रत्येकाला लेबल लावायचं, 'शांत' किंवा 'आक्रमक'. अशी पुष्कळ लेबलं दिली की मॉडेल आपलं आपण खुणा शोधतं. चढा आवाज, समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणं, तेच तेच पुन्हा म्हणणं. ती लेबलं लावणाऱ्यांत मी होतो. पार्सल उशिरा आलेल्या तरुण गिऱ्हाइकांवर मॉडेल छान चाललं. मग आमच्या बॉसने, कुलकर्णीने, तेच हॉस्पिटलला विकलं. राग तो राग, म्हणाला, कुरिअर काय नि हॉस्पिटल काय.

एक बदल मात्र केला. कुरिअरमध्ये चिडलेला कॉल सीनियर माणसाकडे जायचा. इथे ऑपरेटर मुली शिव्या खाऊन नोकऱ्या सोडत होत्या, त्यामुळे असा कॉल त्यांच्यापर्यंत पोचायलाच नको होता. फोन आधी मशीन उचलायचं; कॉल आक्रमक ठरला की रेकॉर्डेड आवाज सांगायचा, 'कृपया शांतपणे बोला, थोड्या वेळाने पुन्हा फोन करा,' आणि लाइन कट. ते वाक्य मी लिहिलं होतं.

मी बाहेर गेलो.

"काका, काय झालं?"

"मी फोन लावतंय, तर ती बाई म्हणता शांतपणे बोला! आणि ठेवता. माझा सांगून होवच्या आदी ठेवता!"

सगळा हॉल वळून बघत होता. सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, सकाळपासून डोकं उठवलंय ह्यांनी."

हळूहळू कळलं ते असं. काकांच्या बायकोच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण आठवडाभर आधी फोन करून ती पक्की करावी लागते. नाही केली तर तारीख दुसऱ्या पेशंटला जाते. त्यांची तारीख तशीच गेली होती.

मी बोलत होतो तेव्हा काका माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते.

माझे बाबा असंच बघायचे. ते गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. सगळे साचे एकदम खडखडायला लागले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता ओठ हलवायची आणि समोरचा ओठ वाचायचा. काही वर्षांत कान जायचे. संप झाला, गिरणी बंद पडली, साचे थांबले. बाबांचा आवाज काही खाली आला नाही. चाळीतली पोरं मला विचारायची, "तुझा बाप कायम भांडत असतो काय रे?" मी हो म्हणायचो. बहिरा आहे म्हणण्यापेक्षा ते बरं वाटायचं. पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

मी काकांसमोर उभा राहिलो आणि नुसते ओठ हलवले. कुठलं खातं?

त्यांनी सिक्युरिटीवाल्याचा हात अलगद बाजूला केला. साचे, ते म्हणाले. तेही नुसत्या ओठांनी. तुमचं कोण होतं?

वडील.

आहेत?

नाहीत.

मघापर्यंत ज्यांचा आवाज सगळ्या हॉलला त्रास देत होता, ते आता माझ्याखेरीज कुणालाच कळत नव्हते. सिक्युरिटीवाल्याने विचारलं, "साहेब, काय चाललंय काय?"

"गप्पा मारतोय," मी म्हटलं.

आत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "गप्प केलंत त्यांना. कसं काय?"

"मॅडम, ते चिडलेले नाहीत. त्यांना नीट ऐकू येत नाही."

"मग तसं सांगायचं ना फोनवर."

"कधी सांगणार? आपण लाइन कट करतो."

मॅडमनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला आणि बराच वेळ हुज्जत घातली. पुढची मोकळी तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

संध्याकाळी मी कुलकर्णीला सांगितलं.

"एज केस आहे यार," तो म्हणाला. एज केस म्हणजे क्वचित कधी घडणारा, काठावरचा प्रकार. "एका म्हाताऱ्यासाठी मॉडेल बंद करू?"

"मी कट झालेले कॉल ऐकतो. मग ठरव."

ऐकले. शिव्या देणारेही होते, नाही असं नाही. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं नुसती हॅलो हॅलो करत होती. लालबाग, शिवडी, परळ. 'ऐकू येतंय काय?' असं ओरडून विचारणारी, उत्तर न ऐकताच पुन्हा विचारणारी. गिरणगावात हा काठ नव्हता, वस्ती होती. असले आवाज मी कुरिअरच्या कॉलमध्येही ऐकले होते आणि हेडफोन थोडा दूर धरून 'आक्रमक' म्हणून टाकले होते.

लाइन कट करणं बंद झालं. कुलकर्णीने कुरकुरत का होईना, मान्य केलं.

ऑपरेशन झालं तेव्हा मी गेलो होतो. गाठ आधीच्या रिपोर्टपेक्षा मोठी निघाली. डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, तीन आठवड्यांनी फरक पडला का? ते थकलेले होते. म्हणाले, "सांगता येत नाही."

आमच्या मॉडेलला हे उत्तर देताच येत नव्हतं. आम्ही त्याला दोनच कप्पे दिले होते. आता तिसरा आहे, 'सांगता येत नाही', आणि त्यातला कॉल माणूस घेतो. मॅडमनी विचारलं होतंच, "सगळं माणसानेच करायचं तर मशीन कशाला?"

वॉर्डात काकी उशीला टेकून बसल्या होत्या. मी माफी मागितली. तुमच्या मिस्टरांना आमच्या मशीनने रागीट ठरवलं, म्हटलं.

काकींना हसू आलं, मग टाके दुखले म्हणून त्या थांबल्या. "ह्यांना? अहो, हे रागावले ना, की बोलतच नाहीत."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. गिरणी कायमची गेली त्या वर्षी बाबा कित्येक दिवस घरात एक शब्द बोलले नव्हते. मी शाळेत होतो. आवाज नाही म्हणून बरं वाटलं होतं. बाबा शांत झाले, असं मी आईला म्हणालोही होतो.

मॉडेल आपल्या लेबलांपेक्षा शहाणं होत नाही. माझं पहिलं लेबल तेव्हाच चुकलं होतं.