नक्की पुसायचं?

पडद्यावरचं बटण म्हणजे एका माणसानं दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. हे वाक्य माझं आहे. एका इंजिनिअरिंग कॉलेजात भाषण करताना मी ते म्हटलं, तेव्हा टाळ्या पडल्या आणि एका प्राध्यापकांनी ते वहीत उतरवून घेतलं. तोपर्यंत मी बनवलेलं एकही बटण माझ्यासमोर कोणी दाबलेलं नव्हतं.

ते दाबलं गेलं नगरजवळ भिंगारच्या जुन्या बाजारात, एका टेलरच्या दुकानात. दुकान चाचांचं. लष्करातल्या लोकांचे गणवेश, ब्लेझर, बंद गळ्याचे कोट हे त्यांचं काम. माझी शाळेची खाकी चड्डीही त्यांनीच शिवली होती, त्यामुळे माझ्या वाढीचा लेखी पुरावा फक्त त्यांच्याकडे आहे. दुकानाची खरी मिळकत म्हणजे मापांच्या वह्या. भिंगारहून बदली होऊन गेलेला माणूस आसामातून नाहीतर जम्मूतून फोन करायचा, "चाचा, एक कोट टाका," आणि कोट पार्सलनं जायचा. समोरच्या रेडीमेडच्या दुकानाला काचेचं दार आलं, एसी आला, तरी चाचांचं दुकान चाललं ते या वह्यांवर.

अडचण अशी, की वह्या पेन्सिलीनं आणि उर्दू आकड्यांत लिहिलेल्या. अर्धा इंच, पाव इंच हे ठिपक्यांनी दाखवलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर कागदावर ठिपका आहे की माशीनं केलेली घाण, हे चाचांना कळेना.

"डोळा डॉक्टर नीट करेल," ते म्हणाले, "पण पेन्सिल उडत चालली, ती कोण नीट करेल? माप गेलं तर मी कसला टेलर? मग मी पण समोरच्यासारखा दुकानदार."

मी म्हटलं, मी कॉम्प्युटरवर चढवून देतो.

यात परोपकार किती होता याची मला शंका आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो, आणि त्या कंपनीत लिस्प चालत नाही. लिस्प ही फार जुनी प्रोग्रामिंग भाषा. सगळं कंसांत लिहायचं, कंसात कंस, त्यात आणखी कंस. तिच्यावर जीव जडलेले लोक ती कोणाच्या तरी गळ्यात बांधायची संधी शोधत असतात, आणि मी त्यांतलाच. मापांचा हा प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही भाषेत आठवड्यात झाला असता. लिस्पमध्ये मला आख्खा पावसाळा लागला.

कारण लिस्पवाल्यांनी बुद्धी म्हणजे काय याचा विचार केला आहे, फक्त खिडकीचा केलेला नाही. खिडकी म्हणजे पडद्यावरची चौकट, तिच्यातली बटणं, याद्या. त्यासाठी जी तयार साधनं मिळतात, ती कोणीतरी एकट्यानं उत्साहात सुरू करून लग्न झाल्यावर सोडून दिल्यासारखी वाटतात. एकाच्या माहितीपुस्तिकेत बटणांच्या प्रकरणाखाली एकच ओळ होती: हे प्रकरण लिहायचं आहे. मी जे साधन निवडलं त्यात बटणं होती, पण त्याला मराठी येत नव्हतं. अक्षरं दिसायची, पण जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. 'शिलाई'तली वेलांटी 'श'ला सोडून 'ल'कडे नांदायला गेली होती.

मग मी वेलांटी आणि जोडाक्षर नसलेले शब्द शोधायला लागलो. 'नवं' मिळालं, 'शोधा' मिळालं. नोंद काढून टाकण्यासाठी काय? 'डिलीट'ला वेलांटी. 'मिटवा'ला वेलांटी. 'रद्द' फुटत होतं. 'हटवा' सरळ दिसत होतं, पण ते वाचलं की मागे बुलडोझर दिसायला लागतो. 'खोडा' म्हटलं की अडथळा आठवतो. शेवटी 'पुसा' सापडलं. दोन अक्षरं, दोन्ही गुणी. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्यावर आणखी एक छोटी खिडकी ठेवली. ती विचारायची, 'नक्की पुसायचं?' आणि खाली 'होय' आणि 'नको'. यातलं 'नक्की' तुटकं दिसे. ते मी चालवून घेतलं.

आणखी एक गोष्ट चालवून घेतली. यादीतली ओळ नष्ट केली की आख्खी खिडकीच बंद पडायची. दोन दिवस कारण शोधलं, सापडलं नाही. मग ओळ नष्ट न करता नुसती लपवायची असं ठरवलं. नीटनेटक्या माणसाचं हे काम नव्हे, म्हणून कोणाला सांगितलं नाही.

कॉम्प्युटर चालवणार होत्या मावशी. त्या दुकानात काज-बटणं करतात. माहेर देवळाली प्रवऱ्याकडे उसाच्या रानात, सासर भिंगारला, शिक्षण सातवी, आणि वाचन माझ्या ओळखीच्या पुष्कळ पदवीधरांपेक्षा जास्त. त्यांना हा प्रकार पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता.

"दादा, आमाला वहीच बरी हुती," त्या म्हणाल्या. "वही काय लाईट गेल्यावर मरत न्हाई."

चाचांचा संशय वेगळ्या दिशेचा होता. "याला कुलूप कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुलूप कशाला चाचा? दुकानातच तर आहे."

"शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, बरोबर. पण तिथं राखायला शनी बसलाय. तुझ्या डब्यात कोण बसलंय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

रोज दुपारी चाचा भिंग डोळ्याला लावून माप सांगत आणि मी टाईप करी. जिथं पेन्सिल उडालेली, तिथं ते डोळे मिटून माणूस आठवत. "उजवा खांदा उतरलेला. अर्धा इंच कमी लिही. रायफलीचा खांदा." अशी महिनाभरात यादी पुरी झाली. घरी मी एक प्रत नेली होती, पण पहिली वही झाली तेव्हाच. पुढच्या वह्यांची न्यायची राहिली. ती राहिली कारण मी तेव्हा 'शिलाई'ची वेलांटी परत आणण्यात गुंतलो होतो.

मावशींनी एकटीनं कॉम्प्युटर चालवायचा पहिला दिवस उजाडला. सकाळीच एका सुभेदारांचा फोन आला. मुलीचं लग्न, आठ दिवसांनी रजेवर येतोय, बंद गळ्याचा कोट तयार ठेवा. चाचा कापड पसंत करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले आणि जाताना मावशींना म्हणाले, "सुभेदारांचं माप काढून ठेव."

मी पाचच्या सुमाराला सहज डोकावलो. चाचा नुकतेच परतले होते, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा. मावशी कॉम्प्युटरपुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, सरकारी कचेरीत नंबर लागायची वाट बघणारा माणूस बसतो तशा. यादी मला जरा आखूड वाटली. मी सुभेदारांचं नाव टाकून 'शोधा' दाबलं. काही नाही. दुसरं नाव टाकलं. तेही नाही. मी मोजलं. चोवीस माणसं कमी होती, सगळी घरच्या प्रतीत नसलेली आणि बहुतेकांची वहीतली पेन्सिलही उडालेली.

माझा पहिला संशय मावशींवर गेला. वहीच बरी हुती, हे वाक्य कानात होतंच.

"मावशी, तुम्ही काही काढलंत का यातून?"

"मी कशाला काढू? मी तर सकाळधरनं पुसतीय. त्ये काय सांगंना."

चाचांचा संशय माझ्यावर गेला. त्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "मापं गेली? कुठं गेली? समोरच्या रेडीमेडवाल्याला दिली काय रे?"

"चाचा, मी कशाला देऊ?"

"फुकट काम करत होतास ना. फुकट काम करणाऱ्याचं मला कधी कळत नाही."

मी मावशींना म्हटलं, सकाळी काय केलंत ते पुन्हा करून दाखवा. त्यांनी माझंच नाव टाकलं, 'शोधा' दाबलं. माझी ओळ आली. त्यांनी ओळीवर बोट ठेवल्यासारखा बाण ठेवला आणि शांतपणे 'पुसा' दाबलं. छोटी खिडकी उघडली. नक्की पुसायचं? "बगा, लई रीतीनं इचारतंय," म्हणत मावशींनी 'होय' दाबलं आणि मी नाहीसा झालो.

"आता?" मी विचारलं.

"आता आत गेलं पुसायला. येतच न्हाई भायेर. सुभेदारांचं आलं न्हाई म्हून दुसऱ्याचं पुसलं, त्याचं बी न्हाई. म्हटलं कुणाचं तरी सांगंल."

"अहो मावशी, पुसणं म्हणजे..." मी हातानं फळा पुसल्यासारखं केलं.

"त्याला बी पुसनं म्हन्त्यात. पन आमच्याकडं पुसनं म्हंजी इचारनं. आई म्हनायची, जा, बापाला पुसून ये. मी काय फडकं घेऊन जात हुते व्हय?"

चाचा म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पूछना, पुसना. यात काय चुकलं?"

दोन ओळींच्या त्या खिडकीत मी आख्खा पावसाळा घालवला होता. नावावर दोनदा टिचकी मारली की माप उघडतं, हे मात्र मी मावशींना सांगितलंच नव्हतं. मला ते उघड वाटलं होतं.

तेवढ्यात चाचा उठले, टोपी घातली आणि भिंतीकडे निघाले. असरच्या, म्हणजे सूर्य मावळण्याआधीच्या नमाजाला जाताना ते दुकानाचं मेन स्विच रोज खाली पाडतात.

"थांबा! बंद करू नका."

"इस्त्री चालू राहिली तर?"

"इस्त्रीची पिन काढतो मी. पण हे बंद पडलं तर चोवीस माणसं कायमची गेली. अजून ती आतच आहेत."

"आताच तर म्हणालास गेली."

"गेली नाहीत. लपली आहेत." आणि मग मला ते सांगावं लागलं: खिडकी बंद पडायची म्हणून मी ओळ नुसती लपवत होतो. डिस्कवरच्या फाईलमधून नोंद गेली, पण प्रोग्राम सकाळपासून चालू आहे तोवर लपलेली ओळ तिच्या मापासकट स्मरणात आहे. वीज गेली की संपलं.

चाचा स्विचवर हात ठेवून उभे राहिले. "म्हणजे तू काम अर्धवट केलं होतंस, म्हणून मापं वाचली?"

"वाचतील. बहुतेक."

"आणि नीट केलं असतंस तर?"

मी इस्त्रीची पिन काढली. चाचांनी हात खाली घेतला, पण मशिदीकडे गेले नाहीत. "इथंच पढतो," म्हणाले आणि मागच्या खोलीत चटई अंथरली. त्यांचा माझ्यावर तेवढाच विश्वास उरला होता.

लिस्पची एक गोष्ट मात्र खरी आहे. चालत्या प्रोग्रामशी बोलता येतं. तो न थांबवता त्याच्या आतलं बदलता येतं, कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर असतानाच बाही उसवून पुन्हा लावावी तसं. मी काळी चौकट उघडली आणि लिहिलं, की लपलेल्या सगळ्या ओळी गोळा कर आणि त्यांची मापं फाईलमध्ये लिही. एक कंस कमी पडला. यंत्र गप्प बसलं. मी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.

"कंस ठिवलाय एक उघडा," मागून मावशी म्हणाल्या. "ह्यो बगा, ह्याला जोडीदार न्हाई." काज-बटणात जन्म गेलेल्या बाईची नजर ती. मी कंस मिटवला. एकामागून एक पंचवीस नावं उतरली, पंचविसावं माझं. मी फाईलची प्रत पेन ड्राईव्हवर घेतली, दुसरी मोबाईलवर, आणि मावशींनी सुभेदारांचं माप वहीतही उतरवून घेतलं. मी त्यांना अडवलं नाही.

चाचा नमाज संपवून आले. त्यांनी मला एकेक आकडा वाचायला लावला. छाती, कंबर, पाठ, बाही. प्रत्येक आकड्याला ते मान हलवत. उजव्या खांद्याच्या अर्ध्या इंचापाशी थांबले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हाच. रायफलीचा खांदा." मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तीही जरा तपासून बघितल्यासारखी.

त्याच संध्याकाळी मी बटणाचं नाव मावशींना विचारून बदललं. त्यांनी 'खोडा' सांगितलं. अडथळ्याचा मुद्दा मी काढला, तर म्हणाल्या, "अडथळाच पायजे तितं." शिवाय 'माप' नावाचं एक नवं बटण घातलं, टिचकीची भानगड काढून टाकली.

चाचांनी सुभेदारांचा कोट स्वतः कापला. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन त्यावर पट्टी होती तरी कात्री दुसऱ्या कोणाला दिली नाही. आठव्या दिवशी सुभेदार आले. मलाही बोलावलं होतं. त्यांनी कोट चढवला. खांदा बसला, बाही बसली, पाठीवर एक सुरकुती नाही. चाचांनी समाधानानं माझ्याकडे पाहिलं. मावशींनी सुई खाली ठेवली. सुभेदार आरशासमोर सरळ उभे राहिले आणि बटणं लावायला लागले.

त्यांचं पोट तीन इंच वाढलं होतं.