नावं शोधणारं यंत्र आणि माझी उचल

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात.

मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी मालकांकडून उचल घेतली आणि ती फिटेपर्यंत काम सोडणार नाही असं कबूल केलं. राजारामपुरीतल्या एका गाळ्यातून ते घरोघरी इंटरनेट देतात. माझं काम झाडलोट आणि चहा. नंतर गिऱ्हाइकांचे फोन घेणारी पोरगी काम सोडून गेली आणि फोनही माझ्याकडं आला. यंत्रांच्या बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर बसायचं. मला परक्याशी बोलायची भीती. फोन चार-पाचदा वाजल्यावरच मी हातात घ्यायची. सोडून जावं तर उचल अंगावर.

इंजिनिअर मॅडमनी मला एक काम शिकवलं. एखादी साइट उघडत नसली की तिचं नाव काळ्या पडद्यावर टाइप करायचं. नावाचा पत्ता शोधणारं यंत्र शेजारीच होतं, ते उत्तर द्यायचं. उत्तराचे चार इंग्रजी शब्द मॅडमनी कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते, ते मी अक्षरं जुळवून ओळखायची. नोएरर म्हणजे काही बिघाड नाही. एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही. गिऱ्हाइकाला नाव पुन्हा तपासायला सांगायचं. रिफ्यूज्ड म्हणजे यंत्र विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार नाही. ते आपलं गिऱ्हाईक आहे का बघायचं. सर्व्हफेल म्हणजे नाव असेलही, पण शोधताना काहीतरी बिघडलं.

"सर्व्हफेल आलं की तेच नाव बाहेरच्या सर्व्हरला, म्हंजे दुसऱ्या कंपनीच्या अशाच यंत्राला विचारायचं, काकी," मॅडम म्हणाल्या. "तिथं सापडलं तर दुखणं आपल्याच घरात हाय."

एका सकाळी वीज गेली, बॅटरीही टिकली नाही. यंत्रं बंद पडून परत चालू झाली आणि फोन सुरू झाले.

"ओ ताई, बिल तेवढं वेळेवर मागतायसा. नेट कोण देणार?"

"पोरीचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख हाय की ओ."

कुठलंही नाव टाकलं तरी सर्व्हफेल. मॅडम रजेवर, फोन लागत नव्हता. मालक आत आले.

"मावशी, झाडताना प्लग हलिवलासा न्हवं?"

"न्हाई, मालक."

"मग काय आपसूक झालं व्हय? आजचं नुकसान उचलीत धरतो."

उचल फिटायला सात महिने राहिले होते. आता किती वाढतील, कुणास ठाऊक.

ते गेल्यावर मी बाहेरच्या सर्व्हरला विचारलं. नोएरर. म्हणजे दुखणं घरातच. नावं शोधणाऱ्या यंत्राचा पडदा सुरू केला तर कोपऱ्यात तारीख दिसली, कित्येक वर्षांपूर्वीची. कॅलेंडरचं पान रोज सकाळी मीच फाडते, म्हणून ते लगेच खटकलं. चौथ्या वेळी मॅडमचा फोन लागला.

"तेच हाय, काकी. उत्तरांवर शिक्का असतो, कधीपासून कधीपर्यंत खरा ते त्यात असतं. यंत्राची तारीखच मागं, म्हणून त्याला सगळे शिक्के खोटे वाटतायत."

"मग ते आपली वेळ आपण का लावून घेत न्हाई?"

"वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नावही त्याला शोधावंच लागतं की."

वेळ चुकलेली म्हणून नाव सापडेना, नाव सापडेना म्हणून वेळ मिळेना. मला ते यंत्र ओळखीचं वाटलं, माझ्यासारखंच अडकलेलं. मॅडमनी सांगितलं तसं एका बोटानं आजची तारीख आणि वेळ टाकली आणि पुन्हा एक नाव विचारलं. नोएरर. हळूहळू फोन थांबले.

पण मालकांशी बोलायचं राहिलंच होतं. मॅडमनी सांगितलेलं मनात तीनदा घोकून मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

"मालक, प्लग मी हलवला न्हाई. आणि हलवला असता तरी तारीख गेली नसती. वीज गेली तरी तारीख धरून ठेवणारा आतला सेल संपलाय."

"कोण म्हणालं?"

"मॅडम. तारीख मी बघितली."

त्यांनी यंत्र उघडायला लावलं. रुपयाएवढा सेल, पार मेलेला. तो त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "बरं," एवढंच म्हणाले. उचलीत काही वाढवलं नाही.

सातही महिने मी त्याच खोलीत काढले. परवाच्या पगारातून शेवटचा हप्ता कापला. मालकांनी त्यांच्या उचलीच्या वहीतल्या माझ्या पानावर आडवी रेघ मारली आणि मला वाचायला दिली. बाकी शून्य. मी दोनदा वाचलं आणि खाली सही केली.