आखूड धाग्याचा खोकला

"घाबरू नोको बाप्पा. आखूड धाग्याचा खोकला आहे. असा खोकला टिकत नाई."

पडद्याआडून हे शब्द कानावर आले आणि मी चहाची कपबशी हातात घेऊन दारातच थबकले. आत भाऊजींचे मामा पाळण्यावर वाकून पाच महिन्यांच्या बाळाची समजूत काढत होते. खोकल्यालाही धागा असतो असं मानणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात हा एकच असावा. आणि त्याचं म्हणणं ऐकून घेण्याइतकं शांत असं ते बाळही एकच असावं. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. मग त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

मामा वणीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी, त्याचं बी, वेगळी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढायचा, आणि निघालेला धागा कोटाच्या बाहीवर ठेवून त्याची लांबी बघायची. त्यासाठीच त्यांचा कोट काळा होता. पांढरा धागा काळ्यावर उठून दिसतो. हा कोट ते पौषातही घालत आणि वैशाखातही, आणि धुतला की पारख जाते या समजुतीने त्यांनी त्याला आयुष्यात पाणी लागू दिलं नव्हतं. प्रत्येक गाडीचा नमुना कोटाच्या खिशात जायचा, सोबत गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. संध्याकाळपर्यंत चारही खिसे असे फुगायचे की मामा दारातून तिरके होऊन आत येत.

तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूची पारख ते कापसाच्याच हिशेबाने करत. आमच्या भाऊजींबद्दल त्यांचं मत होतं, "धागा मजबूत आहे, पण कचरा लई." गल्लीतल्या एका गोडबोल्या वकिलाबद्दल, "दिसते लांब, पण ओढला की तुटते." विदर्भ तेव्हा नुकताच महाराष्ट्रात आला होता. त्यावरही मामांनी निकाल देऊन टाकला होता : "दोन जातीचा कापूस एका गाठीत बांधला बाप्पा. जमला तं सोनं." बाळ जन्मलं तेव्हा त्याचं टणक, काळंभोर डोकं बघून त्यांनी तिचं नाव सरकी ठेवलं. बारशाला ठेवलेलं नाव पुढे कुणाच्याच तोंडी बसलं नाही. आणि मी? मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन ताईच्या मदतीला आले होते. मराठीत कमी बोलायची आणि इंग्रजीत त्याहून कमी. मामांनी पहिल्याच दिवशी मला न्याहाळलं आणि ताईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बंद बोंड आहे."

ताईला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणजे पाळण्याकडे बघून. सुनेने मामेसासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. सरकी जन्मल्यापासून दोघांची फार सोय झाली होती. ताई म्हणायची, "सरके, आजोबांना सांग, चहा निवतोय." मामा म्हणायचे, "सरके, आईले सांग, साखर कमी टाकली." मध्ये ती बिचारी तोंडात मूठ घालून दोन्ही पक्षांचं ऐकून घ्यायची.

खोकल्याचा तिसरा आठवडा लागला तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मामा छत्री घेऊन पुढे. डॉक्टरांनी झबलं वर करून घड्याळ लावून श्वास मोजले, छातीला नळी लावली आणि शांतपणे म्हणाले, "ताप नाही, दूध नीट पिते, वजन वाढतंय. अंगावर पाजत राहा. मध, गुटी, काढा यातलं काही चाटवू नका. श्वास भरभर चालला, फासळ्यांखाली खड्डा पडायला लागला, ओठ निळे दिसले, नाही तर दूध प्यायचं सोडलं, तर एक क्षण घालवू नका, उचलून घेऊन या. आणि हो, धूर आणि धूळ तिच्यापासून लांब ठेवा."

मामांनी शेवटचं वाक्य सरकारी हुकमासारखं डोक्यावर घेतलं. त्याच संध्याकाळी शेगडी अंगणात गेली, देवापुढची उदबत्ती बंद झाली ("देव समजून घेते"), आणि शेकायला म्हणून ओव्याची धुरी घेऊन आलेल्या शेजारच्या काकू धुपाटण्यासकट परत गेल्या. कोरडं अंगण झाडायला बंदी आली. आधी सडा, मग झाडू. तीस वर्षांची बिडी मामांनी एका दिवसात सोडली आणि त्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नाही. फक्त दोन दिवस ते बडीशेप चघळत फार चिडचिड करत होते. आमच्या घरावरून जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या धूळ उडवतात, म्हणून ते सकाळी कामावर जाण्याआधी तासभर कोपऱ्यावर छत्री आडवी धरून उभे राहू लागले. एकदा मुकुटबनच्या एका गाडीवाल्याने बैल थांबवून विचारलं,

"काहून हो मामा, रस्ता खचला का?"

"नाई. पोट्टी खोकलून राह्यली."

"मंग आधी सांगा ना!" म्हणत त्याने बैल वळवले. त्याच्यामागच्या अकरा गाड्याही, कारण न विचारता, मागच्या रस्त्याने गेल्या.

इतकं सगळं केल्यावर सव्वापाचच्या सुमारास मामा जिनिंगवरून आमच्याकडे यायचे. सावरीच्या झाडाखाली झोपून उठल्यासारखे दिसायचे. भुवयांत कापूस, मिशांत कापूस, कानांच्या पाळ्यांवर कापूस. दवाखान्यातून आल्यापासून ते हात कोपरापर्यंत साबणाने धूत, नखं तपासत, चूळ भरत, आणि मग मोठ्या समाधानाने सरकीला उचलून त्या काळ्या कोटाच्या खांद्यावर टाकत. तीही कॉलरमध्ये नाक खुपसून बसायची. ही त्यांच्या दिवसातली खरी वेळ. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं; जवळच्याच एका खोलीत ते एकटे राहत आणि सकाळ-संध्याकाळचा चहा आमच्याकडे घेत. खांद्यावर घेऊन थोपटताना ते जे गुणगुणत त्यात सूर नसे. वजनकाट्यावर आकडे पुकारतात तसं काहीतरी असे.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला पाऊस आणि तापमान लिहून ठेवायची सवय लावली होती. बोलण्याऐवजी लिहिणं मला सोपं जाई, म्हणून मी एका वहीत रकाने आखले आणि सरकी किती वेळा खोकते ते लिहू लागले. सकाळी दोन, दुपारी तीन. संध्याकाळी साडेपाचनंतर अकरा, कधी चौदा. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असे. त्या दिवशी मामा सदऱ्यावरच येत, आणि रकान्यात दिवसभरात चार. दोन आठवडे मी ते आकडे बघत राहिले. मग वही ताईपुढे ठेवली. ताईने वाचली आणि संध्याकाळच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मी कशी सांगू गं त्यांना? आणि हे तर कामासाठी झरी-जामणीच्या जंगलात, महिनाभर यायचे नाहीत."

तिने प्रयत्न केला. संध्याकाळी पदर सावरून म्हणाली, "सरके, आजोबांना सांग, कोट बाहेर काढून ठेवा म्हणावं."

"सरके, आईले सांग, थंडी लई आहे. आमची काळजी करू नोको म्हणा," मामा म्हणाले आणि डोळे पुसले. सुनेने आपल्या आरामाची काळजी केली, याने त्यांना फारच भरून आलं होतं.

त्या आठवड्यात सरकी खोकता खोकता दूध ओकू लागली. आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "छाती अजून साफ आहे, पण हे थांबलं नाही तर यवतमाळला नेऊन छातीचा फोटो काढावा लागेल. घरात धूळ कुठून येते का?"

"एक कण नाई, डॉक्टरसाहेब," मामा छातीवर हात ठेवून म्हणाले. हात ठेवला तिथून थोडा कापूस उडाला. डॉक्टर तेव्हा खाली बघून लिहीत होते. मी वही पदराखाली घेऊन शेजारीच उभी होते. मी ती आणखी आत सरकवली.

घरी येऊन मी माझ्या मते फार नाजूक मार्ग काढला. एका कागदाच्या तुकड्यावर लिहिलं, 'सरकी खोकते ती या कोटातल्या कापसामुळे,' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चहाला येऊन हात धुवायला गेले तेव्हा, चिठ्ठी छत्रीत ठेवावी की खिशात असा विचार करून, ती हळूच खुंटीवरल्या कोटाच्या खिशात टाकली. खिशातल्या चिठ्ठ्यांचं ते काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. ते मला दुपारी शेजारच्या काकूंकडून कळलं. त्यांचे यजमान जिनिंगच्या काट्यावर होते. भाव ठरताना मामा खिशातून एकेक नमुना काढत आणि त्यासोबतची चिठ्ठी सगळ्यांपुढे खड्या आवाजात पुकारत. "गाव मारेगाव!" "गाव मुकुटबन!" आणि त्याच आवाजात, त्याच ठेक्यात, त्यांनी माझी चिठ्ठी शेवटच्या शब्दापर्यंत पुकारली. शेतकरी, हमाल, मुनीम, सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "मामा, आता तुमचाच नमुना काढा!"

मामा हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, परत खिशात ठेवली आणि उरलेल्या गाड्या मुकाट्याने पारखल्या.

त्या संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई सव्वापाचला चहा टाकायची आणि तासाभराने ओतून द्यायची. माझ्या वहीतला संध्याकाळचा रकाना उतरत होता : सात, चार, एक. सरकी पोटभर दूध पिऊन हसायची आणि पाच वाजले की मान वळवून दाराकडे बघायची. माझं बरोबर निघालं होतं. मला ती वही उघडावीशी वाटेना.

सरकी आता शाळेत जाते. मामा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती; तिला त्यांचा खांदा आठवत नाही. मला त्यांच्याबद्दल विचारते तेव्हा मी तिला तो चौथा दिवस सांगते.

सकाळी अंगणात आले तर मामा कोपऱ्यावर. छत्री आडवी, गाड्या मागच्या रस्त्याने वळवत. ते चारही दिवस तिथे येतच होते, काकू म्हणाल्या; फक्त आमच्या घराकडे पाठ करून उभे राहत. संध्याकाळी पुन्हा दिसले, रस्त्याच्या पलीकडे, अंगभर कापूस, अलीकडे पाऊल न टाकता. ताई सरकीला कडेवर घेऊन दारात आली. "सरके, आजोबांना सांग..." तिने सुरुवात केली, पण तो आवाज रस्त्यापलीकडे पोचणारा नव्हता. सरकी नुसती पलीकडे बघत राहिली.

मग मी फाटकाशी गेले. रस्त्यावर बरीच माणसं होती. तरी मी शाळेत कधी कविता म्हणतानाही काढला नसेल असा आवाज काढून ओरडले,

"मामा, न्हाणीत पाणी तापवून ठेवलंय! कोट कुंपणावर टाका, डोक्यावरून आंघोळ करा, अन् लवकर या. सरकी तुमची वाट पाहून राह्यली!"